सहा हेडसेट, छत्तीस मुलं: व्हीआरच्या तासाला मुलं एकमेकांशी बोलतील असं काय करू?

सातवी_ब_विज्ञान

नमस्कार मंडळी. मी चौदा वर्षं विज्ञान शिकवते आहे, सध्या सातवीला. यंदा शाळेला सहा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवायचे, आभासी जग दाखवणारे) मिळाले आणि ते वर्गात वापरायची जबाबदारी मी स्वतः मागून घेतली. म्हणूनच पहिल्या तासानंतर मला चैन पडेना.

तो तास हृदयावर होता. तयार मिळालेला चार मिनिटांचा कार्यक्रम: मूल रक्ताबरोबर हृदयात शिरतं, झडपा उघडताना-मिटताना बघतं, फुप्फुसाकडे जाऊन परत येतं. एका वेळी सहा मुलं हेडसेट घालून, बाकीची तीस बाकांवर. त्यांना नुसतं बसावं लागू नये म्हणून एका हेडसेटमधलं दृश्य मी प्रोजेक्टरवर टाकलं होतं. सहा फेऱ्या झाल्या, छत्तीसही मुलांचा नंबर लागला, कुणी पडलं नाही, कुणाला मळमळलं नाही. तास संपताना मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो खरा होता, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

पण तासाभरात वर्गात काय काय ऐकू आलं ते मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवलं. 'ओऽऽ'. 'आईगं'. 'बाई, माझा नंबर कधी?' 'ए, हात लागतोय तुझा.' एवढंच. एका मुलानं दुसऱ्याला विषयातला एकही प्रश्न विचारला नाही. एरवी माझ्या वर्गात असं होत नाही. गटात एकच सूक्ष्मदर्शक असला तरी मुलं त्यावर डोकी घुसवतात. 'केंद्रक कुठाय?' 'ते नव्हे रे, तो हवेचा बुडबुडा आहे.' 'सरक, मला बघू दे.' त्या भांडणातच त्यांचं अर्धं शिकून होतं. इथे हेडसेट डोक्यावर चढला की मूल वर्गातून निघूनच गेल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी मी एका ओळीचा प्रश्न दिला: उजव्या जवनिकेतून (हृदयाच्या उजवीकडच्या खालच्या कप्प्यातून) रक्त कुठे जातं? उत्तर 'फुप्फुसाकडे' असायला हवं होतं, पण निम्म्याहून जास्त मुलांनी 'सगळ्या शरीरात' असं लिहिलं. झडप बंद होताना कसं वाटलं, भिंती कशा थरथरत होत्या, हे मात्र प्रत्येकाला रंगवून सांगता येत होतं.

व्हीआर सहअध्ययनासाठी उत्तम, असं मी सगळीकडे वाचते. मला ते खरं करून दाखवायचंय, पण कसं ते कळत नाहीये. तीन आठवड्यांनी चंद्रकला शिकवायच्या आहेत आणि त्यासाठी मला सत्तर मिनिटांचा जोडतास मिळालाय. सहाही हेडसेटची दृश्यं एकदम पडद्यावर दाखवायची सोय करू का? की सगळी मुलं आपापल्या आभासी रूपात एकाच आभासी खोलीत भेटतात, तसलं काही घेऊ? त्यात तरी ती एकमेकांशी बोलतील का? आणि सुरक्षिततेचं माझ्याकडून काही सुटत असेल तर तेही सांगा.

प्रयोगशाळेतून

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीचं इथले शिक्षक सांगतील. आमच्याकडे हेडसेट सांभाळणं माझ्याकडे आहे.

वय बघा. क्वेस्ट हेडसेट बनवणाऱ्या मेटानं २०२३ मध्ये १० वर्षांपुढच्या मुलांसाठी पालकांच्या देखरेखीखालचं खातं सुरू केलं, सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआरला १२ वर्षांची अट आहे. सातवीची मुलं यात बसतात, तरी पालकांची लेखी संमती घ्या आणि त्या पत्रात दोन प्रश्न नक्की विचारा: मुलाला कधी फिट आली आहे का, आणि दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसतं का. फिटचा त्रास असलेल्या मुलाला हेडसेट देऊ नका. एका डोळ्यानं कमी दिसणाऱ्या किंवा तिरळेपणा असलेल्या मुलाला खोली जाणवत नाही. ते मूल सांगणार नाही, इतर म्हणतात तसं 'भारी' म्हणेल. त्याला गटात दुसरं काम आधीपासून ठरवून ठेवा.

भिंगांमधलं अंतर प्रत्येकाला जुळवून द्या. क्वेस्ट २ मध्ये ते ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खाचांवर बसतं. लहान मुलांचे डोळे याहून जवळ असू शकतात. चित्र पुसट दिसत असलं की मूल डोळे ताणत राहतं आणि दहा मिनिटांत कपाळ दुखतं. हेडसेटचं वजनही अर्ध्या किलोच्या आसपास असतं आणि ते सगळं पुढच्या बाजूला असतं. वरचा पट्टा आधी नीट बसवा, नाहीतर सगळा भार गालांवर येतो.

मळमळ होते ती डोळे 'मी चाललोय' म्हणतात आणि कान 'मी बसलोय' म्हणतो म्हणून. तोल सांभाळणारा अवयव कानातच असतो. त्यामुळे मुलाला सरकत नेणारे कार्यक्रम टाळा. तुमच्या चंद्राला तशी गरजच नाही. फिरत्या खुर्चीवर बसवा, मान आणि खुर्ची वळवून बघू दे. हेडसेटचा आवाज पूर्ण बंद ठेवा म्हणजे मुलाला वर्गातलं बोलणं नीट ऐकू येईल. आदल्या संध्याकाळी सगळे हेडसेट चालू करून इंटरनेटला जोडा. तसं केलं नाही तर ऐन तासाला एखादा अपडेट मागत बसतो आणि वीस मिनिटं जातात. पुसायला कोरडं मऊ कापड घ्या, भिंगांना सॅनिटायझर लावू नका.

जोडतास

बाई, तुमची वही वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. मी भूगोल शिकवतो, आणि हीच चूक मी वर्षभर करत होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम, प्रोजेक्टर बंद करा. सहाही दृश्यं पडद्यावर टाकायचा विचार तर सोडूनच द्या. मला हे कळायला फार वेळ लागला. हेडसेटमधलं मूल जे बघतंय तेच सगळ्यांना भिंतीवर दिसत असेल, तर त्याला काही विचारायची गरजच कुणाला उरत नाही, आणि त्यालाही काही सांगायची गरज उरत नाही. सूक्ष्मदर्शकावर तुमची मुलं का भांडतात ते बघा. एका वेळी एकालाच दिसतं, आणि काय दिसलं ते सगळ्यांना हवं असतं. हेडसेट हाही एकट्यानं बघायचा सूक्ष्मदर्शकच आहे. पडदा लावून आपण त्यातली ओढ घालवतो. कोण काय बघतंय यावर लक्ष ठेवायला दृश्य तुमच्या हातातल्या टॅबवर घ्या, भिंतीवर नको.

दुसरं असं की माहिती वाटून द्या. हेडसेटमधल्या मुलाकडे एक भाग, बाहेरच्यांकडे दुसरा, आणि दोन्ही जुळल्याशिवाय उत्तर निघणार नाही असा प्रश्न. ही कल्पना व्हीआरच्या फार आधीची आहे. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांमध्ये 'जिगसॉ' वर्ग सुरू केले ते याच तत्त्वावर: धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे, त्यामुळे प्रत्येकाचं ऐकून घेणं भाग पडतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी 'सेलव्हर्स' नावाचा पेशीवरचा खेळ केला त्यातही हेच आहे. एक मूल हेडसेट घालून पेशीच्या आत फिरतं, त्याचा जोडीदार टॅबवर पेशी बाहेरून बघतो. आतल्याला जवळचं दिसतं, पण आपण नेमके कुठे आहोत ते कळत नाही. बाहेरच्याला सगळी पेशी दिसते, पण बारकावे दिसत नाहीत. पेशीत बिघाड काय आहे ते दोघांनी मिळून शोधायचं.

तुमचे चंद्राचे धडे यासाठी जणू मुद्दाम बेतल्यासारखे आहेत, कारण त्या विषयाची अडचणच मुळी दोन ठिकाणांहून बघण्याची आहे. पृथ्वीवरून कोर दिसते. वरून बघितलं तर चंद्र कायमच अर्धा उजळ असतो. पुस्तकातल्या आकृतीत ही दोन्ही दृश्यं एकाच पानावर एकमेकांवर छापलेली असतात आणि मूल तिथेच गोंधळतं.

मी असा तास घेईन. सहा-सहाचे सहा गट, गटाला एक हेडसेट. हेडसेटमधलं मूल पृथ्वीवर आहे. त्याला फक्त आकाश दिसतं: कुठेतरी सूर्य, कुठेतरी चंद्र. बाहेर दोघांसमोर मोठा कागद, त्यावर मध्ये पृथ्वी, एका कडेला सूर्य आणि चंद्राच्या आठ रिकाम्या जागा. त्यांच्या हातात अर्धा काळा रंगवलेला चेंडू. एक जण प्रश्न विचारणारा, एक नोंद करणारा. सहावा हेडसेटच्या मागे उभा, खुर्ची आणि भिंत सांभाळायला. याला मी 'राखण' म्हणतो, आणि हे काम मुलं फार जबाबदारीनं करतात. प्रश्न असा: तुमच्या मित्राला आत्ता दिसतोय तो चंद्र कागदावर कोणत्या जागी आहे? चेंडू तिथे ठेवा, पांढरी बाजू नीट वळवा.

एक नियम मात्र कडक. हेडसेटमधल्यानं 'अर्धा चंद्र' किंवा 'चतकोर' अशी नावं घ्यायची नाहीत. दिसतंय ते वर्णन करायचं. नाव घेतलं की बाहेरचे पाठ केलेली आकृती मांडतात आणि विचार थांबतो.

पाच मिनिटांनी कामं बदला. सहा फेऱ्यांची तीस मिनिटं झाली. उरलेली चाळीस चर्चेसाठी आणि वहीसाठी ठेवा, ती हेडसेटला देऊ नका.

आभासी खोलीत सगळ्यांनी भेटण्याबद्दल एवढंच सांगतो: जी मुलं एकाच वर्गात हाकेच्या अंतरावर आहेत त्यांच्यासाठी ते नको. दोन वेगळ्या शाळांची मुलं असती तर तो पर्याय वेगळाच.

तिसरा_बाक

माझं मत थोडं वेगळं आहे, आणि ते मी काळजीपोटी मांडते आहे. हेडसेटशिवाय हाच तास होणार नाही का? अंधारी खोली, एक दिवा, काठीवर चेंडू. मूल स्वतःच पृथ्वी होऊन जागच्या जागी गोल फिरतं आणि चेंडूवरच्या कला बघतं. मी हे दर वर्षी करते आणि ते कळतं मुलांना.

बाईंनी हृदयाच्या तासाबद्दल जे लिहिलंय ते संशोधनातही आलेलं आहे. पारोंग आणि मेयर या संशोधकांनी २०१८ मध्ये रक्तपेशींचा एकच धडा दोन प्रकारे देऊन बघितला, एका गटाला व्हीआरमधून, दुसऱ्याला संगणकावरच्या साध्या स्लाइड्समधून. व्हीआरवाल्यांना जास्त रस वाटला, चाचणीत मात्र स्लाइडवाले पुढे होते. पुढच्या वर्षी माक्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोगशाळेच्या धड्यावरचा अभ्यास आला, त्याचं शीर्षकच सांगतं की व्हीआरमुळे 'तिथे असल्याची' जाणीव वाढली आणि शिकणं कमी झालं. डोळ्यांपुढे इतकं काही चाललेलं असतं की विचाराला जागाच उरत नाही, असं त्यातून मला समजतं.

ही दोन्ही कामं विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर झालेली आहेत, आपली मुलं तर त्याहून लहान. छत्तीस मुलांचा जोडतास मोठी गोष्ट आहे. तो नुसता नवलाईवर जाऊ नये.

जोडतास

तिसरा_बाक, दिव्याचा प्रयोग मीही करतो आणि बाईंनी तो आधीच्या तासाला करावाच. पण पारोंग-मेयर यांच्या त्याच लेखातला दुसरा प्रयोगही बघा. त्यात व्हीआरचा धडा मध्ये मध्ये थांबवून विद्यार्थ्यांना प्रत्येक भागाचा सारांश लिहायला लावला, आणि थांबून लिहिणाऱ्यांना न थांबणाऱ्यांपेक्षा चांगलं जमलं. बाईंच्या हृदयाच्या चार मिनिटांत थांबा कुठेच नव्हता. बाहेरून मित्र 'थांब, सूर्य कुठल्या बाजूला आहे?' असं विचारतो तेव्हा तो थांबा आपोआप पडतो.

दिव्याच्या प्रयोगात एक उणीव राहते. मूल चेंडूकडे बघत असताना त्याला दिवाही दिसतो, खोलीही दिसते, चेंडू धरलेला मित्रही दिसतो. आत आणि बाहेर एकाच वेळी दिसत असल्यानं बाहेरच्यांना त्याला काही विचारावं लागत नाही. हेडसेट ती भिंत उभी करतो. या धड्यापुरता मला त्याचा तेवढाच उपयोग दिसतो, पण तो खरा आहे.

सातवी_ब_विज्ञान

सगळ्यांचे मनापासून आभार. जोडतास सर, प्रोजेक्टरबद्दलचं वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. मागे बसलेल्या तीस मुलांना वाईट वाटू नये म्हणून मी पडदा लावला आणि त्यानंच त्यांचं काम काढून घेतलं.

तिसरा_बाक ताई, दिव्याचा प्रयोग आधी घेते आहे. आता एकच अडचण. तयार मिळणाऱ्या अवकाशाच्या कार्यक्रमांत मूल उडत उडत चंद्रावर जातं, ग्रहांना प्रदक्षिणा घालतं. मला नुसतं आकाश हवंय, आणि चंद्राची जागा मला हवी तशी बदलता आली पाहिजे. असं काही आहे का?

कोड_आणि_खडू

ताई, हे करून देता येईल. मी पालक आहे, प्रोग्रॅमिंग करतो. ए-फ्रेम नावाचं एक साधन आहे, २०१५ मध्ये मोझिलाच्या (फायरफॉक्स ब्राउझरवाल्या) लोकांनी सुरू केलेलं. त्यात व्हीआरचं दृश्य साध्या वेबपानासारखं लिहिता येतं आणि हेडसेटच्या ब्राउझरमध्ये उघडतं. वेगळं अ‍ॅप बसवावं लागत नाही. फक्त पान सुरक्षित पत्त्यावर, म्हणजे एचटीटीपीएसवर ठेवावं लागतं, एरवी ब्राउझर व्हीआरमध्ये जाऊच देत नाही.

तुमच्या दृश्याला मोजून चार गोष्टी लागतात. काळं आकाश, सूर्यासाठी एक गोल, चंद्रासाठी एक गोल, आणि सूर्याच्या दिशेकडून येणारा एक समांतर प्रकाश. कला वेगळ्या काढाव्या लागत नाहीत. चंद्राचा गोल कोणत्याही दिशेला ठेवा, त्या एका प्रकाशामुळे बरोबर तेवढाच भाग उजळ दिसतो. आजूबाजूचा मंद प्रकाश मात्र ठेवायचा नाही, नाहीतर काळोखी बाजू राखाडी दिसते आणि मुलं विचारतील की ही कुठून उजळली.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती मुलांपासून लपवू नये. खऱ्या आकाशात चंद्र जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो. क्वेस्ट २ सारख्या हेडसेटमध्ये एका अंशात साधारण वीस ठिपके बसतात. म्हणजे खऱ्या मापाचा चंद्र दहा ठिपक्यांत मावेल आणि त्यातली कोर कुणालाच ओळखता येणार नाही. म्हणून मी तो बारा अंशांचा करतो. 'हा चंद्र चोवीस पट मोठा दाखवलाय' हे फळ्यावर लिहा.

चंद्राची जागा तुमच्या टॅबवरून बदलता येईल, आठ जागांना आठ बटणं. प्रत्येक गटाची जागा वेगळी ठेवता येईल, म्हणजे शेजारच्या गटाचं बघून लिहिता येणार नाही.

आणखी एक सल्ला. जे वापराल त्याची फाइल स्वतःजवळ ठेवा. गुगलचं एक्स्पिडिशन्स, म्हणजे वर्गासाठीच्या व्हीआर सहली, जून २०२१ मध्ये बंद झालं, मोझिलाचं हब्स, म्हणजे आभासी खोलीत भेटायची सोय, मे २०२४ मध्ये. त्यांवर बेतलेले कित्येक शिक्षकांचे धडे त्या दिवसापासून निकामी झाले. माझं हे पान तीस-चाळीस ओळींचं असेल. मी गेलो तरी दुसरा कुणीही ते उघडून दुरुस्त करू शकेल.

सातवी_ब_विज्ञान

तास झाला. आज घरी येऊन हातपाय धुतले आणि आधी इथे लिहायला बसले.

पहिली दहा मिनिटं अवघड गेली. आदल्या दिवशी सगळे हेडसेट तपासूनही एक ऐन वेळी हद्द (मुलानं किती जागेत हलायचं ती) आखून मागत राहिला. तो सुरू होईपर्यंत त्या गटानं आपला चेंडू पुन्हा रंगवून घेतला. मग सगळ्या गटांत एकदम एकच भांडण सुरू झालं. हेडसेटमधलं मूल म्हणे, 'चंद्र उजवीकडे आहे.' बाहेरच्यांनी कागदावर स्वतःच्या उजवीकडे चेंडू ठेवला. मग 'उजळ कुठली बाजू?' असं विचारलं तर उत्तर जुळेना. 'तू चुकीचं बघतोयस.' 'मी बघतोय ना, मग तू कसं सांगतोस?' माझी जीभ शिवशिवत होती, पण मी गप्प राहिले.

वाट काढली ती एका मुलीनं. ती प्रश्न विचारायच्या कामावर होती. ती म्हणाली, 'आधी सूर्याकडे नाक कर. केलंस? आता चंद्राकडे नाक यायला किती वळावं लागतं ते सांग, पाव फेरी की अर्धी?' राखण करणाऱ्यानं खुर्ची किती वळली ते बघितलं आणि सांगितलं, 'पाव, डावीकडे.' दोन मिनिटांत चेंडू जागेवर. शेजारच्या गटानं ते ऐकलं, आणि बघता बघता सहाही गट 'सूर्याकडे नाक' म्हणायला लागले. कोनाचं हे माप मी त्यांना दिलेलं नव्हतं. सूर्यापासून चंद्र किती वळला यावर कला ठरते, हे मी इतकी वर्षं फळ्यावर वाक्य म्हणून लिहीत आले.

दुसरा प्रसंग मला तुम्हाला सांगायलाच हवा. एक मुलगा, आपलं म्हणणं सहज न सोडणारा. दिव्याच्या प्रयोगानंतरही त्याचं ठाम मत होतं की चंद्राचा काळा भाग म्हणजे पृथ्वीची सावली. हेडसेट घातल्यावर त्याला बरोबर अर्धा चंद्र दिसला. तो ओरडला, 'ही बघा, सावली पडली!' कागदाशी बसलेल्या त्याच्या मैत्रिणीनं चेंडू पाव फेरीवर ठेवला होता. ती शांतपणे म्हणाली, 'सूर्य इकडे, तू मध्ये, चंद्र तिकडे बाजूला. तुझी सावली तुझ्या पाठीमागे पडणार. चंद्र तिथे नाहीच. मग ही सावली कुणाची?' तो थोडा वेळ बोलला नाही. मग त्यानं खुर्ची पूर्ण वळवून सूर्याच्या विरुद्ध दिशेला बघितलं. तिथे नुसता काळोख होता. हेडसेट काढून तो थेट कागदापाशी आला आणि म्हणाला, 'दाखव परत.'

त्याच्या जागी पडद्यावर सगळ्यांना तोच अर्धा चंद्र दिसत असता, तर ती त्याला उत्तर देऊ शकली नसती. तिच्याकडे त्याला न दिसणारं काहीतरी होतं म्हणून तिला ते जमलं.

एक गोष्ट जमली नाही, तीही सांगते. एका गटातला सगळ्यात हुशार मुलगा बाहेर बसून हेडसेटमधल्या मुलाला 'तुला आता कोर दिसत असेल, उजवीकडून उजळ, बरोबर ना?' असं सांगत होता, आणि आतला मुलगा 'हो' म्हणत होता. माझ्या टॅबवर बघितलं तर चंद्र जवळजवळ पूर्ण होता. आतल्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मित्राच्या हुशारीवर जास्त विश्वास होता. मी तिथे जाऊन एवढंच म्हटलं, 'तुला काय दिसतंय ते तूच सांगणार, बाकी कुणाला ते माहीत असणं शक्यच नाही.' मग तो हळूहळू बोलू लागला, पण तोवर त्याची पाच मिनिटं संपत आली होती. पुढच्या वेळी पहिली दोन मिनिटं फक्त आतल्यानं बोलायचं, बाहेरच्यांनी नुसतं लिहायचं, असं करून बघणार आहे. कुणाकडे याहून चांगला उपाय असेल तर जरूर सांगा.

तिसरा_बाक ताई, तुमच्यासाठी मुद्दाम: शेवटच्या चाळीस मिनिटांत प्रत्येकानं वहीत एकच आकृती काढली, वरून दिसणारी आणि पृथ्वीवरून दिसणारी शेजारी शेजारी. त्या वह्या आत्ता माझ्यासमोर आहेत. अजून सगळ्या तपासलेल्या नाहीत.

आणि कोड_आणि_खडू दादा, तुमच्यासाठी एक काम आलंय. तास संपता संपता त्या सावलीवाल्या मुलानंच हात वर केला. म्हणाला, 'बाई, पौर्णिमेला चंद्र बरोबर माझ्या पाठीमागे होता. तिथे तर खरंच माझी सावली पडायला पाहिजे. मग तो उजळ कसा?' मी त्याला म्हटलं, हा प्रश्न आपण पुढच्या तासाला घेऊ.

कोड_आणि_खडू

ताई, त्यानं माझ्या पानातली उणीव अचूक पकडली. मी चंद्राची कक्षा सपाट ठेवली होती आणि सावल्या बंद होत्या. खऱ्या आकाशात चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंश कललेली असते. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची गडद सावली जेमतेम ९,००० किलोमीटर रुंद असते, आणि त्या कलण्यामुळे चंद्र तिच्या मध्यापासून सुमारे ३४,००० किलोमीटरपर्यंत वर किंवा खाली जाऊ शकतो. म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावलीला चुकवून निघून जातो.

आज रात्री कलती कक्षा घालतो, आणि सावलीचं एक फिकट वर्तुळही, जे बटण दाबल्यावरच दिसेल. ते बटण तुमच्या टॅबवर ठेवू की त्या मुलाच्या हेडसेटमध्ये?

सातवी_ब_विज्ञान

त्याच्या मैत्रिणीच्या टॅबवर. त्याला नुसता कललेला चंद्र दिसू दे, सावली कुठे आहे ते तिला दिसू दे. गुरुवारी पुन्हा जोडतास आहे.